ब्लू बॅज नाकारला, आता पुढे काय? आईंचं चालणं अर्जात कसं मांडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७२ वर्षांच्या, चाळीस वर्षं इंग्लंडमध्येच. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, शिवाय कमरेच्या मणक्यात नसा दबलेल्या, म्हणजे इथले डॉक्टर ज्याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात ते. मुलाने ब्लू बॅजचा, म्हणजे चालायला त्रास असणाऱ्यांना गाडी जवळ लावता यावी यासाठीच्या परवान्याचा, अर्ज ऑनलाइन भरला. नऊ आठवड्यांनी काउन्सिलचं, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेचं, पत्र आलं: अर्जदार ८० मीटरपेक्षा जास्त चालू शकतात आणि आठवड्याची खरेदी करायला जातात, सबब अर्ज नामंजूर. अटेंडन्स अलाउन्स हा देखभालीचा सरकारी भत्ता मिळत असूनही असं का झालं, आता अपील करायचं की नवा अर्ज, आणि ‘मला नकोच तो बिल्ला’ म्हणणाऱ्या आईंना कसं समजवायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही रोजची कामं जमावीत यासाठी मदत करणारी. शिक्षण मुंबईत झालं, नोकरी गेली एकोणीस वर्षं इथे, आणि त्यातली बरीच वर्षं काउन्सिलसाठी ब्लू बॅजच्या तपासण्या करण्यात गेली. तुम्ही अर्जातली वाक्यं सोबत दिलीत ते फार बरं केलंत, कारण अर्ज कुठे अडला ते त्यात स्पष्ट दिसतं. ‘आई दर शनिवारी माझ्याबरोबर सुपरमार्केटमध्ये येते’ असं तुम्ही लिहिलं आहे. ते खरंच आहे, पण अर्धं आहे. कागदावरून निर्णय घेणाऱ्या माणसाने ते वाचलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर दुकानात आरामात फिरणारी बाई उभी राहिली.

आता उरलेलं अर्धं. तुम्हीच प्रश्नात शेवटी सहज लिहिलं आहे की आई ट्रॉली घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत, आणि गाडीतून दारापर्यंत जातानाच त्यांचे पाय भरून येतात. स्टेनोसिसमध्ये नेमकं हेच होतं. ताठ उभं राहिलं की मणक्यातली नसांची वाट आणखी अरुंद होते. पुढे वाकलं की ती थोडी मोकळी होते. म्हणून अशी माणसं ट्रॉलीवर रेलून बरंच अंतर काढतात आणि रिकाम्या हातांनी पार्किंगमधून दारापर्यंत जाताना मात्र दोनदा थांबतात. कुणी बाकावर बसतं, कुणी कठड्यावर कोपरं टेकतं, कुणी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून वाकतं. मणक्याच्या डॉक्टरांना ‘ट्रॉलीवर रेलून चालतात’ एवढं सांगितलं तरी पुरतं. काउन्सिलच्या कर्मचाऱ्याला ते आपणहून कळणार नाही. ते अर्जात लिहावंच लागतं.

आधी अटेंडन्स अलाउन्सचा गैरसमज दूर करते. ब्लू बॅज मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला थेट: पिप या अपंगत्वाच्या भत्त्यात ‘मूव्हिंग अराउंड’ (चालणं-फिरणं) या सदराखाली ८ किंवा जास्त गुण, किंवा डीएलए या जुन्या अपंगत्व भत्त्यातला मोबिलिटीचा वरचा दर, किंवा गंभीर दृष्टिदोषाची नोंदणी, किंवा युद्धसैनिकांचे काही ठरावीक भत्ते. यांतलं काही असेल तर फक्त कागद दाखवायचे, तपासणी होत नाही. पिपच्या प्रवासाच्या नियोजनाच्या सदरात, तीव्र मानसिक त्रासामुळे प्रवासच करता येत नाही असं बरोबर १० गुणांचं एक विशिष्ट कलम आहे, तेही थेट चालतं. त्याच सदरात १२ गुण असतील तर मात्र इंग्लंडमध्ये थेट चालत नाही, दुसऱ्या मार्गाने यावं लागतं. लोक यात हमखास चकतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. अटेंडन्स अलाउन्स या यादीत नाहीच. तो माणसाला देखभाल किती लागते यावर ठरतो, चालण्यावर नाही. आणि स्टेट पेन्शनचं वय उलटल्यावर पिपसाठी पहिल्यांदा अर्ज करता येत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक आईवडिलांना थेट मार्ग बंद असतो, त्यांना दुसऱ्याच मार्गाने जावं लागतं. तो मार्ग म्हणजे काउन्सिलने चालणं तपासून ठरवणं. अटेंडन्स अलाउन्सचं पत्र तरीही जोडा. पात्रता म्हणून नाही, पण आजार खरा आणि जुना आहे याचा तो पुरावा आहे.

भारतातून आलेल्या घरांतून मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे: ‘किती टक्के लागतात?’ आपल्याकडे सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते, २०१६च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ४० टक्क्यांची रेघ आहे, त्यामुळे डोक्यात तेच बसलेलं असतं. इथे टक्के नाहीत. आजाराच्या नावालाही फारसं वजन नाही. संधिवात असलेली एक बाई बागकाम करते आणि दुसरीला घराच्या फाटकापर्यंत जाववत नाही, नाव एकच. अर्ज विचारतो ते एवढंच: घराबाहेर, सपाट जागेवर, नेहमीच्या काठीसकट किती अंतर, किती वेळात, कशा चालीने, आणि त्यानंतर काय होतं.

वाहतूक खात्याने काउन्सिलांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत काही आकडे आहेत, ते तुम्हाला माहीत असावेत. ३० मीटरही जेमतेम जाता येत असेल तर माणूस सहसा पात्र ठरतो. ३० ते ८० मीटरच्या मधल्यांसाठी वेग, चाल, वेदना, धाप हे सगळं बघून ठरतं. ८० मीटरपुढे विशेष त्रासाशिवाय जाता येत असेल तर सहसा नाही. वेगाचंही माप आहे: थांबे धरून मिनिटाला ४० मीटरपेक्षा कमी अंतर कापलं जात असेल तर ती चाल फार संथ मानली जाते. ३० मीटर म्हणजे एकामागे एक लावलेल्या साधारण सहा-सात गाड्या. आणखी एक अट असते, त्रास किमान तीन वर्षं टिकणारा असावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाव लागलेलं असेल तर काउन्सिल म्हणू शकते की शस्त्रक्रियेनंतर सुधारेल. तुमच्या आईंच्या बाबतीत गुडघा बदलला तरी मणका तोच राहणार आहे. हे वाक्य अर्जात हवं होतं. मला ते कुठेच दिसलं नाही.

आता खरं काम. या शनिवारी आईंना घेऊन बाहेर पडा. तपासणीसाठी म्हणून नाही, नेहमीसारखं, त्यांच्या ओळखीच्या रस्त्याने. दारातून निघाल्यावर मोबाइलवर वेळ लावा आणि मागे राहून नुसतं बघत राहा. पहिल्यांदा कुठे थांबल्या? कशाला धरलं? किती वेळ थांबल्या? पुन्हा निघताना पहिली दोन पावलं कशी पडली? घरी आल्यावर फोनच्या नकाशात ते अंतर मोजा. मग जो मजकूर तयार होईल तो काहीसा असा असेल: ‘आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत ३५ मीटर आहे. आईला तिथे पोचायला दीड मिनिट लागतं. मध्ये एकदा शेजारच्या भिंतीला टेकून ती वाकून उभी राहते. पेटीपाशी पोचल्यावर दोन्ही पाय मांडीपासून जड होतात, तीन-चार मिनिटं बसावं लागतं. बसायला जागा नसेल तर पुढे जाता येत नाही.’ अर्जात तुम्ही लिहिलेल्या ‘चालायला खूप त्रास होतो’ या वाक्याशेजारी हे ठेवून बघा. पहिलं वाक्य तर प्रत्येकच अर्जात असतं.

आकडे आईंचे असावेत, माझे नाहीत. वाढवून तर अजिबात लिहू नका. मी हे नीतीची गोष्ट म्हणून सांगतेच, पण त्याला व्यवहाराचीही बाजू आहे: तपासणीत चाल आणि कागद जुळले नाहीत की सगळ्याच अर्जावरचा विश्वास उडतो. दिवस बरे-वाईट असतील तर तसंच लिहा, ‘आठवड्यातले पाच दिवस असं, दोन दिवस जरा बरं’. नेहमीचं चित्र काय आहे ते बघितलं जातं.

आणि आईंचे शब्द पकडा. आपल्या भाषेत दुखण्याला इतकी नेमकी नावं आहेत की मला इथल्या सहकाऱ्यांना ती समजावून सांगताना अभिमान वाटतो. ठणका वेगळा, कळ वेगळी. पाय भरून येणं वेगळं, पोटऱ्यांत गोळे येणं वेगळं, मुंग्या येणं त्याहून वेगळं. गुडघा धरतो म्हणजे अडकतो, गुडघा दगा देतो म्हणजे अचानक वाकतो आणि पडायची भीती असते. यांतला प्रत्येक शब्द तपासणाऱ्याला काहीतरी निराळं सांगत असतो. पण अर्जात पोचेपर्यंत सगळ्याचं एकच भाषांतर होतं: ‘पेन’.

एक तपासणी माझ्या मनातून जात नाही. सत्तरीच्या पुढच्या एक बाई, सोबत मुलगा. मी इंग्रजीत विचारलं, शेवटचं बाहेर चालत कधी गेलात? मुलाने मराठीत विचारलं. बाई बोलू लागल्या. मंगळवारी मिरच्या-कोथिंबीर आणायला गेले, दुकानदार ओळखीचा आहे, तो मी दिसले की आतून स्टूल आणून ठेवतो, येताना त्या लाल भिंतीच्या घरापाशी दोनदा टेकले, तिथल्या बाईने बाहेर येऊन पाणी विचारलं, मला इतकी लाज वाटली की तेव्हापासून मी गेलेच नाही. असं चांगलं दोन मिनिटं. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘शी गेट्स सम पेन.’ मुलगा वाईट नव्हता, त्याला वाटलं तेवढंच कामाचं आहे. मला मराठी येतं म्हणून ते स्टूल आणि ती भिंत माझ्या टिपणात आली. दुसरा कुणी तपासायला असता तर तिथे ‘थोडं दुखतं’ एवढंच उरलं असतं. म्हणून आईंना इंग्रजीत मोकळं बोलता येत नसेल तर काउन्सिलकडे दुभाषी मागा, आणि तो आधीच, तारीख ठरतानाच मागा. तुम्ही सोबत जरूर असा, पण भाषांतर तुमच्यावर घेऊ नका.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल दोन शब्द. ती करणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो. गाडीतून उतरणं, खुर्चीतून उठणं, दार उघडणं, सगळं तो बघत असतो. यात फसवणूक नाही, माणूस खरा कसा हलतो ते तेव्हाच दिसतं. आपल्या आया मात्र त्या दिवशी सकाळी जास्तीची पेनकिलर घेतात, इस्त्रीची साडी नेसतात, आणि ‘हाऊ आर यू’ला ‘फाइन, फाइन’ म्हणतात. पाहुण्यांसमोर कुरकुर करायची नाही हे त्यांच्या अंगातच मुरलेलं असतं. आधी एकदा शांतपणे सांगा की ही विचारपूस नाही, डॉक्टरांना सांगतो तसं सांगायचं. औषध रोजच्याच वेळी, रोजच्याच मात्रेत. जास्त नाही, आणि टाळायचंही नाही.

काठीचं तेच. तुम्ही अर्जात ‘कोणतंही साधन वापरत नाही’ असं लिहिलंत आणि प्रश्नात म्हणता की जीपीने (फॅमिली डॉक्टरने) पाठवलेल्या फिजिओने दिलेला चाकांचा वॉकर गॅरेजमध्ये पडून आहे. वॉकर घेतला की म्हातारी दिसते म्हणून तो पडून आहे, हेही खरंच कारण आहे, ते लिहा. पण स्टेनोसिसला असा वॉकर फार उपयोगी पडतो, ट्रॉलीचंच काम तो करतो. बॅज मिळो न मिळो, तो बाहेर काढा. हँडलची उंची फिजिओकडून पुन्हा जुळवून घ्या.

पुराव्यासाठी जीपीला पैसे देऊन नवं पत्र लिहून घेण्याच्या फंदात पडू नका. चालण्याचा निर्णय जीपीच्या मतावर सोडायची पद्धत इथे केव्हाच मागे पडली आहे, आणि दहा मिनिटांच्या भेटीत त्यांनी आईंना रस्त्यावर चालताना पाहिलेलंही नसतं. घरात असलेलेच कागद शोधा: मणक्याच्या एमआरआयचा अहवाल, कन्सल्टंटचं पत्र, फिजिओचं टिपण, औषधांच्या रिपीट प्रिस्क्रिप्शनची यादी, वेदनेच्या क्लिनिकला पाठवलं असेल तर ते पत्र. ज्यांच्या घरी दम्याचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल त्यांनी छातीच्या क्लिनिकच्या पत्रात ‘एमआरसी ग्रेड’, म्हणजे धाप किती लागते याची पायरी, शोधावी. चौथी ग्रेड म्हणजे सपाट जागेवर साधारण १०० मीटरनंतर श्वासासाठी थांबावं लागतं. एक आकडा, पण पानभर मजकुराइतका बोलतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, अपील की नवा अर्ज. न्यायालयात किंवा लवादापुढे जावं असं रीतसर अपील ब्लू बॅजला नाही. काउन्सिललाच फेरविचार करायला सांगायचं असतं. तुमच्या बाबतीत मी तोच रस्ता धरेन, कारण प्रकृती बदललेली नाही, माहिती अपुरी गेली होती. नकाराच्या पत्रात मुदत दिली असेल ती आज बघा. पत्र लहान ठेवा: नकाराचं कारण अमुक, त्यात सुपरमार्केटच्या उल्लेखाचा जो अर्थ घेतला आहे तो वस्तुस्थितीला धरून नाही, ट्रॉलीवर रेलणं हे या आजाराचंच लक्षण आहे, ट्रॉलीशिवाय मोजलेलं अंतर आणि वेळ ही, त्रास कायमचा आहे याची कागदपत्रं सोबत, आणि निर्णय कागदावरून झालेला असल्याने प्रत्यक्ष चालण्याची तपासणी करावी ही विनंती. ‘तपासणी करावी’ हे वाक्य विसरू नका, सगळ्यात जास्त फरक तेच पाडतं. रागाची वाक्यं लिहून झाल्यावर खोडून टाका. मुदत निघून गेली असेल किंवा चालणं आणखी कमी झालं असेल तर नवा अर्ज करा. फेरविचारातही काउन्सिलने आपलीच पद्धत पाळली नाही असं दिसलं तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओंबड्समनकडे, म्हणजे काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालाकडे, तक्रार करता येते.

अर्ज नवा केलात तर तो सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावरूनच करा. इंग्लंडमध्ये काउन्सिल जास्तीत जास्त १० पौंड घेऊ शकते. याहून जास्त मागणारं कुठलंही पान बंद करा. उत्तरं आधी वेगळीकडे लिहून, आईंना वाचून दाखवून मग भरा.

आणि आई. ‘मी काय अपंग आहे का?’ हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे. मी त्यांना या बॅजचा इतिहास सांगते. १९७० साली आल्फ मॉरिस नावाच्या खासदाराने इथे दीर्घ आजारी आणि अपंग व्यक्तींसाठीचा कायदा आणला. त्यांच्या वडिलांनी पहिल्या महायुद्धात एक डोळा आणि एक पाय गमावला होता. त्या कायद्यातून १९७१मध्ये हा बॅज निघाला, तेव्हा नारिंगी; २०००पासून निळा. म्हणजे लोकांनी घरात कोंडून राहू नये यासाठी तो आहे. २०१९च्या ऑगस्टपासून तर इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या त्रासांसाठीही तो मिळू लागला. तरी त्या नको म्हणाल्या तर त्यांच्या पाठीमागे अर्ज करू नका. बॅज गाडीचा नसतो, माणसाचा असतो; अर्ज त्यांच्या नावाने जातो. त्यापेक्षा विचारा, गेल्या वर्षभरात कुठे कुठे जाणं सोडलंत? मंडळाचा गणपती, मैत्रिणीकडची मंगळागौर, वाचनालय? ती यादी त्यांच्याच तोंडून ऐका. माझा अनुभव असा की यादी तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत आली की त्या गप्प होतात, आणि मग स्वतःच विचारतात की फॉर्म कुठे आहे.

मिळाल्यावरचं थोडक्यात. पिवळ्या रेषांवर इंग्लंडमध्ये तीन तासांपर्यंत थांबता येतं, पण बॅजसोबतचं घड्याळ पोचल्याच्या वेळेवर लावून दिसेल असं ठेवायचं, आणि कडेच्या दगडावर पिवळ्या आडव्या खुणा असतील तर तिथे अजिबात नाही. सुपरमार्केटसारख्या खासगी पार्किंगचे नियम त्यांचे त्यांचे, फलक वाचा. रुग्णालयात पार्किंग मोफत असलं तरी बऱ्याच ठिकाणी आत जाऊन नोंद करावी लागते. मध्य लंडनमध्ये सिटी, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅम्डनचा काही भाग यांत ही योजना पूर्ण लागू नाही. आई घरी असताना त्यांचंच औषध आणायलासुद्धा बॅज वापरायचा नाही. गैरवापराला १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. बॅज साधारण तीन वर्षांचा असतो आणि आपोआप नवा होत नाही. संपायच्या तीन महिने आधीच फोनवर आठवण लावून ठेवा, आणि शनिवारी मोजलेल्या अंतराचा तो कागद त्याच फाइलमध्ये ठेवा. तीन वर्षांनी पुन्हा तेच प्रश्न येतील, तेव्हा त्याच पोस्टाच्या पेटीपर्यंत पुन्हा चालून बघता येईल.